विजेरीला तुमचा पत्ता कशाला हवा?

संध्याकाळी अभ्यासाला बसावे आणि नेमकी वीज जावी, हा अनुभव तुम्हां सर्वांना आहे. पूर्वी अशा वेळी घरात विजेरी शोधावी लागे. आता कोणीतरी मोबाइल फोन उचलतो, त्याच्या पाठीवरचा छोटा दिवा लावतो आणि काम भागते. हा दिवा लावायला फोनला कोणती माहिती लागते, सांगा पाहू? दिवा लावायचा की विझवायचा, एवढीच! तुम्ही कोण, कोठे राहता, तुमच्या मामांचा नंबर काय, यांपैकी कशाचाही प्रकाशाशी काही संबंध नाही.

तरीही डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रकरण उजेडात आले. तेथे फेडरल ट्रेड कमिशन नावाची, ग्राहकांचे हित पाहणारी सरकारी संस्था आहे. फोनचा दिवा लावून देणारे एक फुकट अ‍ॅप कोट्यवधी लोकांनी घेतले होते. हे अ‍ॅप फोनचा नेमका ठावठिकाणा आणि त्या फोनचा ओळखक्रमांक जाहिरात करणाऱ्या कंपन्यांकडे पाठवते, असा आरोप त्या संस्थेने केला. गंमत पाहा, अ‍ॅप सुरू करताना पडद्यावर ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी दोन बटणे येत. पण माणूस ती वाचून विचार करीपर्यंत माहिती केव्हाच निघून गेलेली असे!

हे कसे शक्य झाले? आणि आज आपल्या घरातील फोनमध्ये असे काही चालले आहे का, हे आपल्याला तपासता येईल का? तपासता येते, आणि ते फारसे अवघडही नाही. मात्र त्याआधी फोनच्या आत परवानगीचा व्यवहार कसा चालतो हे समजून घेऊ या.

तुमच्या शाळेची प्रयोगशाळा आठवा. आम्लांच्या बाटल्या आणि नाजूक उपकरणे कपाटात कुलूप लावून ठेवलेली असतात. किल्ली प्रयोगशाळा सहायकांकडे असते. तुम्हाला तुला हवी असेल तर तुम्ही स्वतः कपाट उघडत नाही. तुम्ही मागणी करता, सहायक आपल्या वहीत तुमचा हजेरी क्रमांक पाहतात, परवानगी असेल तर वस्तू काढून देतात आणि नसेल तर ‘नाही’ म्हणतात. फोनमधील ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे हे सहायक. अ‍ॅप म्हणजे विद्यार्थी. कॅमेरा, मायक्रोफोन, ठावठिकाणा सांगणारे यंत्र, फोन नंबरांची यादी या कपाटातल्या वस्तू.

आपल्याकडील बहुतेक फोनांवर अँड्रॉइड ही प्रणाली असते. तिच्या गाभ्याशी लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लोकांपुढे आणली. तिची ठेवण त्याहून वीस वर्षे जुन्या युनिक्स प्रणालीची. त्या काळी संगणक इतका महाग होता, की एकाच संगणकावर अनेक माणसे काम करीत. म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असे आणि एकाची कागदपत्रे दुसऱ्याला उघडता येत नसत. फोन तर एकाच माणसाच्या खिशात असतो. मग तेथे या क्रमांकांचे काय काम? अँड्रॉइड तयार करणाऱ्यांनी येथे एक नामी युक्ती योजली. त्यांनी प्रत्येक अ‍ॅपलाच वेगळा ‘माणूस’ मानले! फोनवर अ‍ॅप बसवले, की प्रणाली त्याला एक क्रमांक देते. हे क्रमांक १०००० पासून सुरू होतात. १०१४० क्रमांकाच्या अ‍ॅपला १०१४१ क्रमांकाच्या अ‍ॅपच्या खोलीत डोकावता येत नाही.

आता या अ‍ॅपला छायाचित्र काढायचे आहे असे समजा. कॅमेऱ्याला ते स्वतः हात लावू शकत नाही. कॅमेरा सांभाळणारा प्रणालीचा एक भाग असतो, त्याच्याकडे ते निरोप पाठवते. या निरोपावर पाठवणाऱ्याचा क्रमांक कोण घालते, हे फार महत्त्वाचे आहे. अ‍ॅपने स्वतः घातला असता, तर त्याने दुसऱ्याचा क्रमांक खुशाल ठोकून दिला असता. म्हणून तो शिक्का प्रणालीचा गाभाच मारतो. मग नोंदवहीत पाहिले जाते, की या क्रमांकाला कॅमेरा वापरायची मुभा आहे काय? नसेल तर निरोप तसाच परत.

म्हणजे फोनच्या पडद्यावर “या अ‍ॅपला कॅमेरा वापरू द्यायचा का?” अशी जी चौकट येते, ती अ‍ॅपची नसते. ती सहायकांची असते. तुम्ही जे बटण दाबाल त्याची नोंद वहीत होते आणि पुढे ती पाळली जाते. उलट, अ‍ॅपने स्वतःच्या पानावर छापलेली ‘मान्य-अमान्य’ बटणे ही केवळ त्याच्या मालकाने दिलेल्या शब्दासारखी असतात. त्या दिव्याच्या अ‍ॅपने नेमका याच फरकाचा फायदा घेतला.

पण मग सहायकांनी त्या अ‍ॅपला अडवले का नाही? कारण त्यांना अडवायला कोणी सांगितलेच नव्हते. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, तेव्हापासून २०१५ पर्यंत अशी पद्धत होती, की अ‍ॅप बसवतानाच त्याच्या सगळ्या मागण्यांची एक लांबलचक यादी समोर येई. सगळे मान्य करा, नाहीतर अ‍ॅप घेऊ नका! कॅमेरा देतो पण ठावठिकाणा देत नाही, असे म्हणायची सोय नव्हती. लोक ही यादी वाचत होते का? एड्रियन पोर्टर फेल्ट आणि त्यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील सहकाऱ्यांनी २०१२ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगात भाग घेतलेल्यांपैकी अवघ्या १७ टक्के लोकांनी अ‍ॅप बसवताना त्या यादीकडे लक्ष दिले. परवानग्यांचा अर्थ विचारणाऱ्या तीनही प्रश्नांची बरोबर उत्तरे देणारे तर शंभरात तीनच निघाले. यात लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, तो कोण वाचणार?

ऑक्टोबर २०१५ मध्ये अँड्रॉइडची सहावी आवृत्ती आली आणि ही पद्धत बदलली. नाजूक गोष्टींची परवानगी आता एकेक करून, प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हा मागावी लागते आणि दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत ‘अ‍ॅप वापरात असेल तेव्हाच’ ठावठिकाणा देण्याची सोय झाली आणि २०२० च्या अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळी’ हा पर्याय आला. अकराव्या आवृत्तीपासून आणखी एक चांगली गोष्ट घडली. एकाच मागणीला तुम्ही दोनदा नकार दिला, की ते अ‍ॅप पुन्हा पुन्हा तीच चौकट दाखवून तुम्हाला पिडू शकत नाही. आयफोनमध्येही थोड्याफार फरकाने अशाच सोयी आहेत.

आता एक प्रश्न. फोनमधून माहिती बाहेर जाते ती इंटरनेटवरून. मग “या अ‍ॅपला इंटरनेट वापरू द्यायचे का?” असे फोनने तुम्हाला कधी विचारले आहे का? आठवून पाहा. नाही विचारलेले! अँड्रॉइडने परवानग्यांचे दोन प्रमुख गट केले आहेत. फोन थरथरवणे यासारख्या किरकोळ गोष्टी अ‍ॅपला न विचारता मिळतात, आणि इंटरनेट याच गटात घातलेले आहे. हा निर्णय मला तरी फारसा पटत नाही. पण तो आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण त्याचा अर्थ असा, की परवानगीची चौकी फक्त कपाटापाशी आहे. वस्तू एकदा अ‍ॅपच्या हाती पडली, की ती फाटकातून बाहेर नेताना कोणी अडवत नाही. तेव्हा जे काही ठरवायचे ते कपाटापाशीच ठरवावे लागते.

ठरवायचे कसे? कसोटी सोपी आहे आणि ती फोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या रक्षणावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी मांडलेल्या तत्त्वांपैकी एक असे, की कोणत्याही कार्यक्रमाला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून जास्त नसावेत. गणकयंत्राच्या अ‍ॅपला मायक्रोफोन नको. गाणे रेकॉर्ड करणाऱ्या अ‍ॅपला हवा.

मात्र ही कसोटी लावताना घाई करू नका. काही मागण्या विचित्र दिसतात, पण त्यांच्यामागे खरेच कारण असते. आपल्या दिव्याचेच घ्या. दिव्याच्या अ‍ॅपने कॅमेरा का मागावा? कारण तो दिवा मुळात छायाचित्रासाठी बसवलेला, म्हणजे कॅमेऱ्याचाच एक भाग. पूर्वी कॅमेऱ्याची परवानगी असल्याशिवाय अ‍ॅपला तो लावता येत नसे. सहाव्या आवृत्तीपासून ही अट गेली. म्हणून आज दिव्याच्या अ‍ॅपने कॅमेरा मागितला तर ‘कशाला?’ असे जरूर विचारावे. खरे तर आता फोनमध्येच दिव्याचे बटण असते. वेगळे अ‍ॅप हवेच कशाला?

याहून मजेदार उदाहरण ब्लूटूथचे. बिनतारी कर्णध्वनी किंवा हातातले घड्याळ फोनला जोडायचे, तर अकराव्या आवृत्तीपर्यंत अ‍ॅपला ठावठिकाण्याची परवानगी मागावी लागे. घड्याळाला आपला पत्ता कशाला, असे वाटून पुष्कळ लोक चिडत. पण विचार करा. ब्लूटूथची लहर साधारणपणे काही मीटरच पोहोचते. एखाद्या दुकानाच्या भिंतीवर असे एक यंत्र कायमचे बसवले आहे आणि ते सतत आपला क्रमांक ओरडून सांगत आहे. तुमच्या फोनला तो क्रमांक ‘ऐकू’ आला, तर तुम्ही त्या दुकानाजवळच आहात हे सिद्ध झाले! वाय-फायचेही तसेच. प्रत्येक घरातील वाय-फायचे यंत्र आपला एक क्रमांक सभोवार पसरवीत असते आणि कोणत्या क्रमांकाचे यंत्र कोणत्या जागी आहे, याच्या प्रचंड याद्या मोठ्या कंपन्यांनी तयार केलेल्या आहेत. आसपासच्या तीन-चार यंत्रांची नावे कळली, की उपग्रहाची मदत न घेताही इमारत सापडते. म्हणजे ‘जवळपास कोण आहे’ या प्रश्नाचे उत्तर आणि ‘मी कोठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर एकच. हे ओळखूनच प्रणालीने ब्लूटूथलाही ठावठिकाण्याच्या कुलपात घातले होते. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत ‘जवळपासची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी आली आणि हा गोंधळ बराचसा मिटला.

त्याच आवृत्तीत ‘नेमका’ ठावठिकाणा आणि ‘अंदाजे’ ठावठिकाणा असे दोन पर्यायही आले. अंदाजे म्हणजे किती? सुमारे ३ चौरस किलोमीटर क्षेत्रात. हे क्षेत्र वर्तुळाकार मानले तर त्याची त्रिज्या किती होईल, काढून पाहा. ती जवळजवळ एक किलोमीटर येते. आता सांगा, उद्या पाऊस पडेल का हे सांगणाऱ्या अ‍ॅपला यांपैकी काय पुरेल? पावसाचा ढग काही तुमच्या एकट्याच्या अंगणावर येत नाही! रिक्षा बोलावणाऱ्या अ‍ॅपला मात्र अंदाजे जागा देऊन चालणार नाही. रिक्षावाला दोन गल्ल्या पलीकडे वाट पाहत बसेल.

सगळ्याच वाटांवर चौकी असते असे नाही. फोन आडवा धरला की चित्र आडवे होते ना? ते फोनमधील गती आणि वळण मोजणाऱ्या संवेदकांमुळे. यांचे वाचन सर्वसाधारणपणे परवानगीविना मिळते, कारण वळण मोजून कोणाचे काय बिघडणार, असे सुरुवातीला वाटले. २०१४ साली अमेरिका आणि इस्राएलमधील संशोधकांनी एक चकित करणारा प्रयोग दाखवला. फोन आणि ध्वनिक्षेपक एकाच टेबलावर ठेवले. आवाजाने टेबल किंचित थरथरते आणि ती थरथर वळणमापकात उमटते. हे वाचन सेकंदाला फक्त २०० वेळा घेतलेले होते. तरीही त्यावरून कोणता आकडा उच्चारला हे नुसत्या अंदाजापेक्षा बऱ्याच अधिक वेळा ओळखता आले! संपूर्ण बोलणे समजण्याइतके हे तंत्र तयार नव्हते. पण मायक्रोफोनचे कुलूप न उघडता आवाजाचा थोडा तरी माग लागला, हे खरे. आज नव्या अ‍ॅपना सेकंदाला २०० पेक्षा अधिक वाचने हवी असतील, तर तशी वेगळी मुभा जाहीर करावी लागते. छायाचित्रांचेही असेच झाले. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या पोटात ते कोठे काढले याचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. ठावठिकाणा नाकारला आणि छायाचित्रे दिली, तर पत्ता मागच्या दाराने गेला. ही पळवाट बंद करायला दहाव्या आवृत्तीत वेगळी परवानगी आणावी लागली.

आता प्रत्यक्ष तपासणी करू. फोन बहुधा आई-वडिलांचा असेल, तेव्हा त्यांना शेजारी बसवूनच हा प्रयोग करा. एका कागदावर चार रकाने आखा. त्यांत अ‍ॅपचे नाव, त्याचे काम, घेतलेली परवानगी आणि ‘कामाला लागते का’ हे लिहायचे. सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात परवानगी व्यवस्थापक मिळेल. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत त्याची जागा थोडी वेगळी असते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘परवानगी’ असे लिहिले तर सापडते. तेथे एकेका अ‍ॅपऐवजी एकेका वस्तूकडून सुरुवात करा. ‘मायक्रोफोन’ उघडा. तो कोणाकोणाला दिलेला आहे त्यांची यादीच समोर येईल. पहिल्यांदा पाहताना घरातील माणसे “अगं बाई, हे कधी दिलं?” असे म्हणतात, हा माझा अनुभव आहे.

एखादी परवानगी नको वाटली तर काढून टाका आणि अ‍ॅप वापरून पाहा. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. बिघडलेच, तर ते अ‍ॅप पुन्हा मागेल, नाहीतर तुम्ही सेटिंग्जमधून परत देऊ शकाल. बाराव्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीचा फोन असेल, तर गोपनीयता डॅशबोर्डही पाहा. गेल्या २४ तासांत कॅमेरा, मायक्रोफोन आणि ठावठिकाणा कोणत्या अ‍ॅपने किती वाजता वापरला, हे तेथे वेळेसह दिसते. रात्री सगळे झोपलेले असताना कोणी ठावठिकाणा घेतला असेल, तर ते नाव कागदावर लिहून ठेवा. आवाज रेकॉर्ड करायचे अ‍ॅप सुरू करून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातही पाहा. तेथे एक हिरवे चिन्ह उमटेल. मायक्रोफोन किंवा कॅमेरा चालू असल्याची ती खूण आहे आणि ती अ‍ॅपला पुसता येत नाही.

आता तुमच्या कागदावर एक परवानगी उरली असेल, ती फोन नंबरांच्या यादीची. हिच्यावर मी तुम्हाला अंमळ जास्त वेळ थांबवणार आहे, कारण ती बाकीच्यांसारखी नाही. कॅमेरा दिला तर तुमचा चेहरा जाईल, ठावठिकाणा दिला तर तुमचा पत्ता जाईल. पण यादी दिली, तर आजी, शेजारच्या काकू, वर्गशिक्षिका आणि दूधवाल्याचे नंबर जातील. त्यांना कोणी विचारले? तुमच्या वर्गात ४० मुले आहेत आणि सर्वांच्या घरचे नंबर एकाच मुलीच्या आईच्या फोनमध्ये आहेत, असे समजा. ३९ घरांनी नकार दिला, पण या एका घरी ‘हो’ दाबले, तर किती घरांचे नंबर बाहेर गेले?

ही नुसती कल्पना नाही. आपल्या देशात २०२० च्या सुमारास फोनवरून झटपट कर्ज देणारी पुष्कळ अ‍ॅप निघाली. अडचणीतील माणूस ती घाईने बसवी, आणि पैसे हवे असल्याने प्रत्येक चौकटीला ‘हो’ म्हणे. मग हप्ता थकला, की काही कर्ज देणारे त्याच्या यादीतील नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना फोन करून त्याची बदनामी करीत. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा अनधिकृत अ‍ॅपपासून आणि फोनमधील माहितीच्या गैरवापरापासून लोकांना जाहीरपणे सावध केले. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने नियमच घालून दिले. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोन नंबरांची यादी, कॉलच्या नोंदी आणि फोनमधील फायली यांना हात लावू नये. कॅमेरा, मायक्रोफोन किंवा ठावठिकाणा ओळख पटवण्यासाठी फक्त एकदा आणि कर्जदाराची स्पष्ट संमती घेऊनच वापरावा. २०२३ साली गूगलनेही आपल्या दुकानातील कर्जाच्या अ‍ॅपना यादी आणि छायाचित्रे मागण्यास बंदी केली. तेव्हा असे अ‍ॅप यादी मागत असेल, तर ते घेऊच नये, आणि घरात कोणी घेतले असेल तर हे त्यांना जरूर दाखवावे.

एखाद्या अ‍ॅपमध्ये एकाच माणसाचा नंबर हवा असेल, तर त्यासाठी संपूर्ण यादी उघडण्याची गरज नसते. अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे, की अ‍ॅप प्रणालीला सांगते, प्रणाली यादी स्वतः दाखवते, तुम्ही एक नाव निवडता आणि तेवढेच अ‍ॅपच्या हाती पडते. आयफोनवर २०२४ च्या अठराव्या आवृत्तीपासून यादीतील निवडक नावांपुरतीच परवानगी देता येते. आणि सोय नसेल, तर आकडे हाताने लिहायला दहा सेकंद लागतात.

परवानगी काढून घेतली, की अ‍ॅपला नवी माहिती मिळणे थांबते. आधी बाहेर गेलेली यादी मात्र त्याने परत येत नाही. म्हणून तुमच्या कागदावरील ‘कामाला लागते का’ हा रकाना भरताना, फोन नंबरांची यादी घेतलेली अ‍ॅप सर्वांत आधी तपासा. साधारणपणे अर्धा तास लागेल. वीज आलेली असली, तर फोनचा दिवा तेवढा विझवायला विसरू नका.